काळू चढला की नेट चालू

...आणि वर पुन्हा म्हणायचं काय, तर 'आपोआप होतं'! अहो, आपोआप काय होतं या जगात, सांगा बघू? दुधावर साय? तीसुद्धा कोणीतरी दूध तापवल्याशिवाय येत नाही. पोरं? ...जाऊ दे, समोर आयाबाया बसल्यात. पण आपल्या गजाननचं म्हणणं नेमकं हेच होतं, तुम्हाला सांगतो, टेबलावर मूठ आपटून हेच, की "भो, आपोआप काहीच होत नसतं. कोणीतरी करतंय!"

गजानन म्हणजे गजानन बडगुजर. मूळचा चोपड्याकडचा. सिल्वासाला आला तो धाग्याच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून, आणि गेली सहा वर्षं ठाकोरभाईंच्या 'झटपट नेट'मध्ये. झटपट! ज्या कंपनीच्या नावात झटपट असतं तिथे काय काय झटपट होतं ते वेगळं सांगायला नको, बंद मात्र झटपट पडतं. धंदा काय, तर टॉवरवरून टॉवरवर हवेतून नेट पाठवायचं, तारबीर काही नाही. टोकरखाड्याला ऑफिस, गच्चीवर टॉवर, बाहेरचं नेट तिथे उतरतं. तिथून एक उडी खेरडीला आणि खेरडीहून दुसरी उडी वासोण्याला. गजानन खाली एसीत कॉम्प्युटरपुढे, आणि वर चढायला काळू. काळू इथलाच, वासोण्याच्या पाड्यावरचा. कमरेला पट्टा आवळला की तुम्ही चपला काढेपर्यंत हा चाळीस मीटर वर! आणि दोघांची दोस्ती कशी म्हणाल, तर सहा वर्षं एका डब्यात जेवण. गजाननची बायको सुनंदा डब्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, चार भाकऱ्या घालायची, दोन नवऱ्याच्या, दोन काळूभाऊंच्या, आणि ठेचा वेगळा बांधायची, कारण काळूला तिखट जास्त लागतं हे तिला पाठ होतं.

आता एवढं सगळं गोडीगुलाबीचं असताना बिघडलं कुठे? तर खेरडीत. खेरडीची लाइट गेली की पुढचं वासोणं मुकं! लोकांच्या शिव्या सुरू. म्हणून ठाकोरभाईंनी ठरवलं, टोकरखाड्याहून सरळ वासोण्याला आणखी एक डिश लावू, मधे खेरडी नकोच. लावली. पण ती वाट जाते सागाच्या झाडांवरून, पान हललं की कुरकुर, वारा सुटला की गप्प. म्हणजे ती फक्त अडीनडीला, रोजच्याला खेरडीचीच वाट, असं ठरलं. वापीहून एक इंजिनिअर बोलावला, त्याने एका चिठ्ठीवर कुठे काय टाकायचं ते आकडे लिहून दिले, "अब सब ऑटोमॅटिक होगा," म्हणाला, आणि चहा न पिता निघून गेला. चहा न पिता! गजाननला पहिला संशय तिथे आला. भरल्या घरचा चहा सोडून जातो तो माणूस सरळ कसा असेल?

आणि ते ऑटोमॅटिक काय असतं, ऐका. म्हणजे तुम्हालाही कळेल की माणूस संशयी होईल नाही तर काय होईल! हे टॉवर एकमेकांना दर दहा सेकंदांनी हाक मारतात, "हॅलो, आहेस का?" तो म्हणतो, "आहे." पुन्हा दहा सेकंदांनी, "आहेस का?" "आहे रे बाबा, आहे!" आणि चाळीस सेकंद उत्तर आलं नाही की हा समजतो, मेला. झालं! अहो, आपल्याकडे माणूस गेला तर तेरा दिवस तरी थांबतात की नाही? इथे चाळीस सेकंदांत तेरावं उरकून दुसऱ्या वाटेने बिऱ्हाड चालतं! आणि तो मेलेला पुन्हा "आहे" म्हणाला की हे पुन्हा जुन्या वाटेवर, ना लाज ना शरम. कोणत्या वाटेने जायचं ते कसं ठरतं? तर प्रत्येक वाटेवर एक आकडा लिहायचा, त्याला म्हणतात कॉस्ट. पैशाचा काही संबंध नाही हं, नाहीतर ठाकोरभाईंनी लिहूच दिला नसता. नुसता आकडा. आकडा लहान म्हणजे वाट चांगली, इकडून या. आकडा मोठा म्हणजे वाट वाईट, नाइलाज असेल तरच या. आणि तो वाटेच्या दोन्ही टोकांना लिहायचा, कारण जाणारा आपल्या टोकाचा वाचतो आणि येणारा त्याच्या टोकाचा. एवढंच शास्त्र. या एवढ्याशा शास्त्राने तीन आठवडे एका घरातला ठेचा बंद पाडला.

कारण दुसऱ्या दिवसापासून तक्रारी! पहिला फोन वासोण्याच्या शैलजा मॅडमचा. मॅडम शाळेत शिकवतात, मूळच्या देवगडच्या, बोलणं कसं, हापूसची पेटी उघडावी तसं, पण आत एखादा कोयता ठेवलेला. "काय हो गजाननराव, पोरांच्या हजेरीचा फोटो माझ्याकडून जातो, मग तुमच्याकडून पोच का येत नाही? जाणं आहे आणि येणं नाही, हे काय ते? माहेरवाशीण आहे का तुमचं नेट?" गजाननने पाहिलं. खरंच! मॅडमचं सामान वासोण्याहून निघतं ते खेरडीवरून येतं, शहाण्यासारखं. आणि परत जाताना? परत जाताना सरळ सागाच्या रानातून, अडखळत, धडपडत! आता मला सांगा, जो माणूस घरातून एका रस्त्याने निघतो आणि घरी दुसऱ्याच रस्त्याने परततो, त्याच्या बायकोला काय वाटतं? तेच गजाननला वाटलं. "कोणीतरी करतंय!"

बरं, सारखं बिघडलेलं असतं तरी माणूस म्हणतो, बिघडलंय. पण नाही! थोडा वेळ झकास, थोडा वेळ बोंब. पुन्हा झकास, पुन्हा बोंब. आणि विचित्र काय, तर ती नवी डिश पूर्ण बंद पडली की वासोण्याचं नेट पळतं घोड्यासारखं, आणि डिश जिवंत झाली की नेट लंगडं. म्हणजे मदतीला आणलेला जावई घरी नसला की घर सुखी!

मग गजाननने काळूला पाठवलं. जा बाबा, डिश हलली असेल, बघ. काळू गेला. आणि काळू टॉवरवर चढतो न चढतो तोच मॅडमचा फोन, "आलं हो नेट! काळूचा हात लागला आणि आलं!" काळू वर होता तोवर चाललं. काळू उतरला, मॅडमच्या घरी चहा प्यायला, मोटरसायकलला किक मारली, गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत पोचला नसेल, की फोन, "गेलं हो!" पुन्हा पाठवला. पुन्हा चढला, चालू. उतरला, बंद. एकदा नाही, दोनदा नाही, पाच वेळा, तुम्हाला सांगतो! वासोण्याला लोक काळूची वाट बघायला लागले. एका घरी चहा, एका घरी भजी, एका घरी तर कोंबडी! आणि गजाननला काय? फोनवर शिव्या.

मग तुम्हीच सांगा, कोणाच्याही डोक्यात काय येईल? गजानन घरी जेवायला बसला आणि सुनंदाला म्हणाला, "काळू करी राहिला."

सुनंदा म्हणाली, "काय करी राहिला?"

"वर चढून काहीतरी करतो, आणि उतरताना काहीतरी काढून घेतो."

"काय काढून घेतो?"

"तेच तर कळत नाही ना! कळलं असतं तर संशय कशाला घेतला असता?"

सुनंदा म्हणाली, "अहो, कोंबडीसाठी माणूस चाळीस मीटर चढेल का?" तर हा म्हणाला, "तू कोंबडीकडे बघू नको, तू पॅटर्न बघ." घ्या! पॅटर्न! त्या दिवसापासून याने एक वही घातली. काळू चढला दहा चाळीस, नेट चालू दहा बेचाळीस. काळू उतरला अकरा वीस, नेट बंद अकरा पंचवीस. लाल शाईने! आणि डबा? डबा वेगळा! "मला आज भूक नाही रे काळू," म्हणायचं आणि मागे इन्व्हर्टरच्या खोलीत जाऊन चारही भाकऱ्या एकट्याने खायच्या. चार भाकऱ्या पोटात आणि संशय डोक्यात, माणसाला पित्त होणार नाही तर काय होणार? काळू बिचारा दोन दिवस डब्याकडे बघत राहिला, तिसऱ्या दिवसापासून फाट्यावरचा वडापाव आणायला लागला. विचारलं नाही काही. का विचारलं नाही? गजानन म्हणाला, "बघा! ज्याचं मन साफ असतं तो विचारतो. हा विचारत नाही. कोणीतरी करतंय म्हणजे हाच करतंय!" व्याकरणसुद्धा संशयाने बिघडलं हो त्याचं.

पुढे ऐका, कळस. याने पाळत ठेवायची ठरवली. भर दुपारी, काळूला वासोण्याला पाठवलं आणि मागोमाग हा, तोंडाला रुमाल बांधून, मोटरसायकल लांब लावून, टॉवरच्या मागच्या झुडपात जाऊन बसला. आता वासोण्याला झुडपात बसणाऱ्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायची असते, आणि ती गजाननने ठेवली नाही. तिथे सिंह आहेत. आहेत म्हणजे जाळीच्या आत, सफारीत, सरकारी खुराकावर. पण आवाजाला जाळी असते का? हा उकिडवा बसलाय, एका हातात वही, एका हातात मोबाईल, काळू वर काय करतो ते टिपतोय, आणि पलीकडून सिंहाला काय वाटलं कोण जाणे, त्याने दिला एक सूर. अहो, गजानन झुडपातून निघाला तो थेट टॉवरच्या पायथ्याशी, वही एकीकडे, चप्पल एकीकडे!

वरून काळूने पाहिलं. "गजाभाऊ? तुम्ही इथं?"

आता काय सांगणार? "लघवीला आलो होतो," म्हणाला.

टोकरखाड्याहून वासोण्याला! लघवीला!

काळू उतरला, चप्पल शोधून दिली, वहीसुद्धा उचलून दिली. आणि वही उचलताना वाचली. पानभर लाल शाईत 'काळू चढला', 'काळू उतरला'. मराठी काही त्याला येत नाही असं नाही. त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटलं हो त्याला, फार वाईट वाटलं. सहा वर्षं ज्याच्या भाकरीवर हात मारला तो माणूस आपलं चढणं-उतरणं लिहून ठेवतो. तरी तो एवढंच म्हणाला, "ऊन लागेल, डोक्याला काहीतरी बांधा."

इकडे ठाकोरभाईंचं डोकं फिरलेलं. वासोण्याचे निम्मे लोक कनेक्शन सोडतो म्हणाले. त्यांनी गजाननला आत बोलावलं, "गजाननभाई, तुम्ही रोज कहो छो, कोई करे छे, कोई करे छे. तो नाव आपो ने! शनिवारपर्यंत नाव. जे नाव निकळशे, तो माणूस सोमवारपासून घरी." झालं. आता हा काही नेटचा प्रश्न राहिला नाही, हा काळूच्या चुलीचा प्रश्न झाला. पाड्यावर चार माणसं त्या एका पट्ट्यावर जेवतात. सुनंदाने हात जोडले, "नाव घेऊ नका हो. तुमचंच काही चुकलं असेल तर?" तर हा केवढ्यांदा ओरडला, "माझं? मी खाली बसतो!" जसं काय खाली बसणाऱ्याची चूक कधी होतच नाही.

आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता, ठाकोरभाईंच्या केबिनमध्ये, याने वही उघडली आणि नाव घेतलं. काळूसमोर. तारीखवार. चढला-चालू, उतरला-बंद, सतरा वेळा.

काळूने सगळं ऐकून घेतलं. कमरेचा पट्टा सोडला, टेबलावर ठेवला. म्हणाला, "शेठ, चढायच्या आधी मी ती नवी डिश खालून बंद करतो. नाहीतर वर झटका बसतो. उतरलो की चालू करतो. एवढंच करतो मी."

ठाकोरभाई दोघांकडे बघत राहिले. "एटले, डिश बंद तो नेट चालू, ने डिश चालू तो नेट बंद? अरे, तो डिश बंदच राखो ने!" तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गॅलरीत गेले.

आत दोघेच. काळूने मोबाईल काढला, वासोण्याच्या टोकाच्या सेटिंगचं पान उघडलं आणि गजाननपुढे धरलं. "माझ्याकडे बघा, सरळ वाटेची कॉस्ट दोनशे. मोठा आकडा, म्हणून माझ्याकडून सामान त्या वाटेने जातच नाही. तुमच्या टोकाला किती आहे?"

आता इथे गंमत बघा. तीन आठवडे या माणसाने वासोण्याचं पान पाहिलं, खेरडीचं पाहिलं, वापीच्या इंजिनिअरचं फेसबुक पाहिलं, झुडपात बसून आला, पण स्वतःच्या टोकाचं पान? उघडलंच नव्हतं! का उघडेल? आपल्या घरात कोणी चोर शोधतं का? उघडलं. दहा. खेरडीवरून गेलं तर दहा आणि दहा वीस, आणि सरळ गेलं तर नुसते दहा. मग यंत्र कुठून जाणार? स्वस्तातल्या वाटेने! सागाच्या रानातून! सगळं वासोणं याच टोकाने रानात ढकललं होतं, आणि डिश बंद झाली की नाइलाजाने खेरडीच्या चांगल्या वाटेवर यायचं!

गजाननने आकडा दोनदा वाचला. तरी सवय जाते का? म्हणाला, "दहा? हे... हे कोणीतरी बदललं!"

"कोणी बदललं नाही," काळू म्हणाला. "मशीन नवीन येतं तेव्हा दहाच असतं. ते बदलायचं होतं. मी वरून फोनवर चिठ्ठी वाचून सांगितलं होतं ना?"

"काय सांगितलं होतंस?"

"कॉस्ट बसो."

"मग?"

"मग तुम्ही म्हणाले, 'बसो, बसो.'"

अरे देवा! काळू गजाननशी बोलायचा मराठीत, पण शाळा झालेली गुजरातीत, त्यामुळे टॉवरवर चिठ्ठी वाचताना आकडा आला की त्याच्या तोंडून गुजरातीच निघायचा. गुजरातीत बसो म्हणजे दोनशे! आणि वर वारा, खाली घाई, गजाननच्या मराठी कानाला ऐकू आलं, 'कॉस्ट बसो', म्हणजे बसू दे बापडी, आहे तशी राहू दे! याने प्रेमाने म्हटलं, "बसो, बसो." आणि ती बसली. तीन आठवडे बसली! अहो, हाच माणूस फरसाणवाल्याने "बसो ग्राम?" विचारलं की "हां, बसो" म्हणून दोनशे ग्रॅम पापडी घेऊन येतो दर रविवारी! दुकानात कळतं, टॉवरखाली कळत नाही. तोंड एकच, कान तेच, पण माणूस कुठे उभा आहे त्यावर भाषा बदलते, याला काय करणार?

गजाननने निमूट दहाचे दोनशे केले. एक बटण दाबलं. मॅडमचा लगेच फोन, "आलं हो! काळू चढला वाटतं?"

आणि काळू तर समोर उभा, बिनपट्ट्याचा.

तेवढ्यात ठाकोरभाई आत. "हां, तो बोलो. कोण हतुं?"

गजाननच्या डोळ्यांपुढे सगळं फिरलं. सुनंदा, भाड्याची खोली, पोरीची शाळा. जे नाव निघेल तो सोमवारपासून घरी. काळूने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पट्टा उचलला, कमरेला बांधता बांधता म्हणाला, "कोणी नाही शेठ. आपोआप झालं होतं. ऑटोमॅटिक आहे ना."

आता इथे कोणताही बरा माणूस काय करेल? पाया पडेल, सुटलो म्हणेल. पण हा गजानन! शनिवार गेला, रविवार गेला, डोक्यात तेच. सुनंदाला म्हणतो, "त्याने मला का वाचवलं असेल? कुठे बोलला नाही, हसला नाही, टोमणा नाही. काय असेल त्याच्या मनात?" सुनंदाने लाटणं खाली ठेवलं. "चांगुलपणा असेल," म्हणाली. "तुम्हाला ओळखू येत नाही, त्याला मी काय करू?"

ते लागलं हो त्याला. सोमवारी सकाळी डब्यात चार भाकऱ्या घेऊन गेला आणि आधी केबिनमध्ये शिरला. म्हणाला, "ठाकोरभाई, आपोआप नव्हतं झालं. मी केलं होतं. काळूचा काही दोष नाही, नाव माझं लिहा."

ठाकोरभाईंनी उठून दार लावलं. खुर्ची जवळ ओढली. हळूच म्हणाले, "साचुं बोलो गजाननभाई. कोणाला वाचवता? शनिवारी तो कहे छे कोई नाही, सोमवारी तुम्ही कहो छो मी. स्वतःची चूक कोई आवी रीते, चालत येऊन कबूल करे? बन्ने मळेला छो? दोघं आतून मिळालेले आहात?"

गजाननने शपथा घेतल्या, पोरीची घेतली, सप्तशृंगीची घेतली. जेवढ्या शपथा तेवढे ठाकोरभाईंचे डोळे बारीक! तीन आठवडे ज्याने लोकांना संशय शिकवला, त्याचं खरं ऐकायला आता कोणी राहिलं नव्हतं. शेवटी ठाकोरभाई म्हणाले, "जुओ, मला तुमच्या दोघांवर पूर्ण विश्वास आहे. म्हणून जागा बदला."

बदलल्या! तुम्हाला सांगतो, आजही तसंच आहे. काळू खाली एसीत, कॉम्प्युटरपुढे, आणि छान करतो हो काम, नेट पळतंय. आणि वर, पट्टा बांधून, डोळे मिटून, सप्तशृंगीचं नाव घेत, गजानन! डबा पुन्हा एक झाला, दुपारी दोघं एकत्र जेवतात, फक्त गजानन वरून उतरेपर्यंत काळूला थोडं थांबावं लागतं.

परवा वासोण्याला वर चढला होता. खालून काळूचा फोन, "गजाभाऊ, आकडा सांगतो, घ्या."

"बोलू नकोस!" गजानन वरून ओरडला. "लिहून पाठव. मेसेज कर."

काळू म्हणाला, "का? अजून विश्वास नाही माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे रे बाबा," गजानन म्हणाला, एका हाताने टॉवरला मिठी मारून. "माझ्या कानावर नाही."